रणजीत पडलेला खंड आणि प्रा. देवधरांची अखंड खेळी

३० जानेवारी २०२१ हा दिवस भारतीय क्रिकेटच्या इतिहासात कोणत्याही विजयाने वा विक्रमाने नोंदला गेलेला नाही. त्या दिवशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव जय शहा यांचे पत्र राज्य संघटनांना मिळाले आणि २०२०-२१ या मोसमात रणजी करंडक स्पर्धा होणार नाही, यावर शिक्कामोर्तब झाले. १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा ८७ वर्षांत प्रथमच थांबली. पुरुषांसाठी एकदिवसीय सामन्यांची विजय हजारे करंडक स्पर्धा, महिलांची एकदिवसीय स्पर्धा आणि १९ वर्षांखालील मुलांसाठी विनू मंकड करंडक असा मोजका कार्यक्रम मंडळाने उरलेल्या महिन्यांसाठी निवडला. दुलीप करंडकही झाला नाही आणि देवधर करंडकही झाला नाही. मुलांची विनू मंकड स्पर्धा तर पुढे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वाहून गेली.

रद्द झालेल्या स्पर्धांच्या यादीतील देवधर करंडक ज्यांच्या नावाने खेळला जात असे, त्या प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे आयुष्य मात्र न थांबण्याची एक विलक्षण कहाणी आहे. पुण्यात १४ जानेवारी १८९२ रोजी, ऐन मकर संक्रांतीच्या सुमारास जन्मलेले देवधर १०१ वर्षे जगले. त्यातील जवळपास ३७ वर्षे ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. या काळात दोन महायुद्धे झाली, साथी आल्या, असहकार झाला, कायदेभंग झाला, चले जाव झाले आणि फाळणीही झाली. या गृहस्थांची बॅट मात्र भिंतीला टेकली नाही. कसोटी क्रिकेटपटू म्हणून त्यांच्या नावावर एकही सामना नाही. तरीही त्यांना भारतीय क्रिकेटचे पितामह म्हटले गेले. देशांतर्गत क्रिकेट म्हणजे नेमके काय आणि त्याचा एक हंगाम बुडाला तर खेळाडूचे काय बुडते, हे समजून घ्यायचे असेल तर देवधरांच्या चरित्राइतका चांगला दाखला दुसरा सापडणार नाही.

साथीचे भय त्यांच्या पिढीला नवीन नव्हते. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेगने शिरकाव केला तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. घरोघर होणाऱ्या तपासण्या, गावाबाहेरच्या झोपड्या, ओस पडलेल्या पेठा आणि त्यापाठोपाठ १८९७ च्या जूनमध्ये झालेला रँडचा वध हे सारे ज्या शहरात घडले, त्याच शहरात हा मुलगा वाढत होता. पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा देवधर २६ वर्षांचे होते आणि हिंदू संघातून खेळत होते. आजच्या पिढीने घरात बसून काढलेला २०२० चा उन्हाळा अपूर्व वाटत असला, तरी पुण्याच्या जुन्या माणसांच्या आठवणीत असे उन्हाळे अनेक होते.

पुण्याच्या क्रिकेटचा तो काळच वेगळा होता. गोऱ्या साहेबांचे जिमखाने, पारशांचे क्लब, त्यांच्याशी बरोबरी करू पाहणारे हिंदू तरुणांचे क्लब आणि शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर चालणारा खेळ, अशी त्याची रचना होती. देवधरांनी १९११ साली, तिरंगी सामन्यांच्या जमान्यात, हिंदू संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढच्याच वर्षी मुसलमानांचा संघ सामील झाला आणि मुंबईचे चौरंगी सामने सुरू झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा धर्मवार संघांची ही स्पर्धा त्या वेळच्या हिंदुस्थानातील सर्वांत मोठा क्रीडोत्सव होती. आज ही विभागणी खटकते आणि ती खटकायलाच हवी. पण त्या काळी हिंदी खेळाडूला नाव मिळवून देणारे दुसरे व्यासपीठ नव्हते.

या व्यासपीठावरील जातीच्या अन्यायाशी देवधरांचेही नाव एकदा जोडले गेले. चरित्र सांगताना तो प्रसंग वगळणे बरोबर होणार नाही. पुण्याच्याच मैदानांवर घडलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू आणि त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम हे हिंदू संघाचे आधारस्तंभ होते. ते चांभार समाजातील होते. गुणवत्ता आणि ज्येष्ठता असूनही कर्णधारपद त्यांच्यापासून दूर ठेवले जात होते. १९२० च्या चौरंगी सामन्यांत नियुक्त कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. त्या वेळी धाकल्या देवधरांकडे नेतृत्व देण्यात आले आणि विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. हा निर्णय देवधरांचा नव्हता, तो निवडकर्त्यांचा होता. तरीही त्याचा लाभ देवधरांना मिळाला, हे नाकारता येत नाही. महाराष्ट्रातील जनमत या प्रकाराने ढवळून निघाले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले.

क्रिकेट हे देवधरांच्या उपजीविकेचे साधन कधीच नव्हते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात काव्य आणि व्याकरण शिकवणारा हा गृहस्थ संध्याकाळी मैदानावर कव्हर ड्राइव्ह मारताना दिसे. पुणेकरांना यात फारसे नवल वाटत नसे, बाहेरच्यांना मात्र वाटे. खेळावर पोट अवलंबून नसल्यामुळे चाळिशी आली, पन्नाशी उलटली तरी त्यांना खेळत राहता आले, असे म्हणायला जागा आहे. नोकरी, घर आणि मैदान एकाच गावात असणे हेही त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक रहस्य असावे.

देशाने त्यांची दखल घेतली ती १९२६ साली. त्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलीबोन क्रिकेट क्लबचा म्हणजेच एमसीसीचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. मॉरिस टेटसारखा त्या काळातील अव्वल गोलंदाज त्या संघात होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा झोडपल्या आणि ती खेळी दंतकथा बनली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानचा संघ एमसीसीशी भिडला, तेव्हा देवधरांनी १४८ धावा केल्या आणि हिंदी संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली. नायडूंची खेळी लोकांच्या अधिक स्मरणात राहिली, कारण षटकार स्मरणात राहतात. पण कसोटी दर्जाच्या संघाविरुद्ध हिंदी खेळाडू सरळ बॅटने, तासन्‌तास उभे राहून धावा करू शकतात, हे देवधरांच्या शतकाने दाखवले. क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना डिसेंबर १९२८ मध्ये झाली. तिच्यामागे या दौऱ्याने निर्माण केलेल्या आत्मविश्वासाचा वाटा मोठा होता.

यानंतर देवधरांच्या वाट्याला जे आले, त्याचे २०२१ च्या निर्णयाशी जवळचे नाते आहे.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला आणि कायदेभंगाची चळवळ देशभर पसरली. लोक तुरुंगात जात असताना चौरंगी सामन्यांचा जल्लोष करणे औचित्याला सोडून होते. १९३० ते १९३३ या चार वर्षांत ही स्पर्धा झाली नाही. एमसीसीचा १९३०-३१ चा नियोजित दौराही रद्द झाला. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांना आणून त्याची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला खरा, पण तो खासगी मामला होता. रणजी करंडक तेव्हा अस्तित्वात नव्हता. थोडक्यात, हिंदुस्थानने कसोटी क्रिकेटमध्ये पाऊल टाकण्यापूर्वीच्या नेमक्या वर्षांत खेळाडूंना स्वतःला सिद्ध करण्याची सर्वांत मोठी संधी नाहीशी झाली होती.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडला गेला, तेव्हा देवधर ४० वर्षांचे होते. त्यांचे नाव यादीत नव्हते. जूनमध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला, त्या वेळी कर्णधार नायडू ३६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या त्याच जिमखाना मैदानावर मायदेशातील पहिली कसोटी झाली. देवधरांच्या १४८ धावा ज्या खेळपट्टीवर झाल्या होत्या, तिथे त्या दिवशी ते खेळाडू म्हणून उतरले नाहीत. चौरंगी सामने अखंड चालू राहिले असते, तर त्यांनी धावांच्या राशी ओतून निवड समितीला गप्प केले असते का, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. पण एवढे निश्चित म्हणता येते की, तरुण खेळाडूला रद्द झालेला हंगाम पुढे भरून काढता येतो, चाळिशीच्या उंबरठ्यावरील खेळाडूला तो परत मिळत नाही. चळवळीसाठी खेळ थांबवणे योग्यच होते आणि महामारीत माणसांचे जीव वाचवण्यासाठी तो थांबवणेही योग्य होते. त्याची किंमत मात्र कोणा ना कोणाला मोजावीच लागते आणि बहुधा ती ज्यांची नावे ठळक अक्षरांत छापली जात नाहीत, अशांना मोजावी लागते.

१९३४ च्या उन्हाळ्यात सिमला येथे मंडळाच्या बैठकीत अँथनी डिमेलो यांनी राष्ट्रीय स्पर्धेची कल्पना मांडली आणि पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी तिच्यासाठी करंडक देऊ केला. आदल्या वर्षी निधन पावलेले रणजितसिंह यांचे नाव त्याला मिळाले. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात पहिला सामना झाला व तो एकाच दिवसात आटोपला. धर्माऐवजी प्रांतावर आधारलेली ही स्पर्धा आरंभी चौरंगी सामन्यांच्या तुलनेत फिकी वाटे. प्रेक्षक थोडे, प्रसिद्धी थोडी. पण धर्मवार सामने १९४६ साली बंद झाले आणि रणजी करंडक टिकून राहिला.

ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा देवधरांचे वय ४२ होते. योगायोग असा की, रणजी करंडकाच्या इतिहासात सर्वाधिक धावा करणारे वसीम जाफर मार्च २०२० मध्ये निवृत्त झाले तेही वयाच्या ४२ व्या वर्षी. मुंबई आणि विदर्भाकडून १५० हून अधिक रणजी सामने खेळून, १२ हजारांवर धावा करून जाफर ज्या वयात थांबले, त्या वयात देवधरांचा रणजीतील श्रीगणेशा झाला. आजच्या खेळाडूच्या दृष्टीने हे वय प्रशिक्षक होण्याचे किंवा समालोचन करण्याचे असते.

देवधरांनी महाराष्ट्राच्या संघाची बांधणी केली ती या वयात. १९३९ ते १९४१ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या सावलीत राहिलेल्या या संघाची ती दोन वर्षे आजही सुवर्णयुग म्हणून सांगितली जातात. सांगलीत जन्मलेले विजय हजारे तेव्हा महाराष्ट्राकडून खेळत. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचे ते पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्या साथीत त्यांनी २४५ धावांची भागीदारी केली, ती तर आणखीनच अचंबित करणारी होती. गंमत अशी की, पुढे हजारे बडोद्याचेच झाले आणि २०२१ साली रणजी रद्द झाल्यावर जी स्पर्धा खेळवण्यात आली, तीही त्यांच्याच नावाची. त्या मोसमात पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले.

दुसऱ्या वर्षी वाट अधिक बिकट होती, कारण वाटेत मुंबई होती. १९४०-४१ च्या मोसमात पुण्यात झालेल्या या सामन्यात कर्णधार देवधरांनी २४६ धावा केल्या. त्यांचे वय होते ४८. महाराष्ट्राचा डाव ६७५ धावांवर संपला. मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकर यांनी द्विशतक झळकावले आणि मुंबई ६५० पर्यंत पोहोचली. दोन डावांत १३२५ धावा आणि निकाल ठरला तो २५ धावांच्या आघाडीवर. ज्यांना क्रिकेटमध्ये झटपट निकाल हवा असतो, त्यांना हा सामना कंटाळवाणा वाटेल. पण ज्या पुणेकरांनी तो पाहिला, त्यांच्या दृष्टीने मुंबईला मागे टाकणाऱ्या त्या २५ धावांचे मोल एखाद्या संस्थानाएवढे होते. पुढे मद्रासला जाऊन महाराष्ट्राने यजमान संघाला सहा गडी राखून हरवले व करंडक राखला. रंगा सोहोनी यांच्यासारखा अष्टपैलू आणि सदू शिंदे यांच्यासारखा कोवळा फिरकी गोलंदाज देवधरांच्या हाताखाली याच संघात घडला. हे शिंदे पुढे कसोटी खेळले आणि १९५५ साली अवघ्या ३१ व्या वर्षी विषमज्वराने गेले. साथीचे आणि तापाचे आजार त्या काळी मैदानापासून फार दूर नसत.

१९४१ नंतरच्या आठ दशकांत महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा जिंकता आला नाही, ही वस्तुस्थिती त्या दोन विजयांचे वजन सांगायला पुरेशी आहे.

हे विजय महायुद्धाच्या वणव्यात मिळाले होते, याचा अनेकदा विसर पडतो. इंग्लंडमधील काउंटी स्पर्धा १९४० पासून युद्ध संपेपर्यंत बंद होती. ऑस्ट्रेलियाची शेफील्ड शील्डही थांबली. हिंदुस्थानात मात्र रणजी करंडक चालू राहिला. १९४२ साली चले जाव चळवळीमुळे पंचरंगी सामने रद्द झाले, पण रणजी करंडक त्याही मोसमात झाला. संघ कमी होते, तरी अंतिम सामना झाला आणि बडोद्याने हैदराबादला नमवून करंडक नेला. १९४७-४८ साली देशाची फाळणी झाली, लाखो लोक निर्वासित झाले, महात्माजींची हत्या झाली. त्या काळवंडलेल्या मोसमातही होळकर संघाने मुंबईला हरवून करंडक पटकावला. अशा सर्व प्रसंगांतून तगलेल्या स्पर्धेला एका विषाणूने थांबवले.

युद्धाच्या अखेरच्या मोसमात, १९४४-४५ साली, देवधरांनी नवानगरविरुद्ध पुण्यात एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. पहिल्या डावात १०५, दुसऱ्यात १४१. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने एका सामन्यात दोनदा शतक करावे, हे आजच्या तंदुरुस्ती चाचण्यांच्या युगात कोणाला पटणार नाही. पण धावफलकाला वय विचारता येत नाही. १९४८ पर्यंत चाललेल्या आपल्या कारकिर्दीत ८१ सामन्यांत त्यांनी ४,५२२ धावा केल्या, सरासरी ३९.३२ आणि शतके नऊ. ३७ वर्षांत केवळ ८१ सामने! आजचा खेळाडू हा आकडा दहा-बारा मोसमांत गाठतो. त्या काळी वर्षाकाठी दोन-तीन सामने मिळाले तरी भाग्य समजले जाई आणि त्यासाठी उरलेले महिने सराव करावा लागे. म्हणूनच चौरंगी सामन्यांची चार वर्षे बुडाली, तेव्हा ते नुकसान आजच्या हिशेबाने कितीतरी मोठे होते.

निवृत्तीनंतर देवधर मैदानापासून दूर गेले नाहीत. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समितीचे काम अशा जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. ज्या खुर्चीने त्यांना एकदा नाकारले होते, त्याच खुर्चीत बसून त्यांनी इतरांच्या भवितव्याचा निर्णय केला. खेळ या घराच्या रक्तातच असावा. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये महिलांच्या विजेतेपदांवर आपले नाव कोरले. मुलींनी चारचौघांत खेळणे ही गोष्ट ज्या काळात भुवया उंचावणारी होती, त्या काळात पुण्यातील एका संस्कृत प्राध्यापकाच्या घरातील तीन मुली देशभर गाजत होत्या. सरकारने देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले.

मंडळाने १९७३-७४ मध्ये विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू केली आणि तिला देवधर करंडक हे नाव दिले. भारत आपला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना जुलै १९७४ मध्ये हेडिंग्लेला खेळला. म्हणजे तिरंगी सामन्यांच्या जमान्यातील या खेळाडूचे नाव मर्यादित षटकांच्या नव्या प्रकाराला त्यापूर्वीच चिकटले होते. स्वतः देवधर सहाशे धावांच्या डावांत रमणारे होते. त्यामुळे या नामकरणात किंचित विनोद आहे, पण त्यांच्यासारख्या दीर्घायुषी माणसाने कोणत्याही नव्या गोष्टीला नाक मुरडले असते, असे मानण्याचे कारण नाही.

२०२०-२१ च्या मोसमात ही स्पर्धा झाली नाही, त्यामागील अडचणी खऱ्या होत्या. मार्च २०२० मध्ये राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यातील रणजी अंतिम सामन्याचा अखेरचा दिवस रिकाम्या प्रेक्षागृहात खेळला गेला. सौराष्ट्राने आपला पहिला करंडक टाळ्यांविना उचलला. इंडियन प्रीमियर लीगचे सामने त्या वर्षी संयुक्त अरब अमिरातीत झाले. ३८ संघ, प्रत्येकी वीस-बावीस खेळाडू, प्रशिक्षक, पंच, गुणलेखक, शिवाय चार-चार दिवसांचे सामने आणि दोन-अडीच महिन्यांचा कालावधी, एवढ्या सगळ्यांना सुरक्षित कवचात ठेवणे मंडळाला अवघड वाटले. जानेवारीत झालेल्या सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-२० स्पर्धेसाठी ते शक्य झाले, पुढे विजय हजारे करंडकासाठीही झाले. मार्च २०२१ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातील तीन एकदिवसीय सामने तर पुण्याजवळ गहुंजे येथेच, प्रेक्षकांविना, पार पडले. पांढऱ्या चेंडूचे क्रिकेट जगले आणि लाल चेंडूचे थांबले, असे त्या मोसमाचे चित्र होते. मंडळाची अडचण मान्य केली, तरी पहिला बळी कोणाचा द्यायचा हे ठरवताना पैसा कुठून येतो याचा विचार झालाच नसेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

रणजी खेळणाऱ्या पण आंतरराष्ट्रीय संघात किंवा लीगमध्ये नसलेल्या खेळाडूचा हिशेब त्या वेळी साधा होता. दिवसाला ३५ हजार रुपये, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याला एक लाख ४० हजार. साखळीतील आठ सामने धरले तरी ११ लाखांवर रक्कम. नोकरी नसलेल्या खेळाडूचे वर्ष त्यावर चाले. क्रिकेटपटूंना पोसणाऱ्या बँका व कंपन्यांच्या नोकऱ्या आटत गेलेल्या काळात हा तोटा लहान नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने, २०१९-२० च्या मोसमात खेळलेल्या क्रिकेटपटूंना भरपाई म्हणून सामना मानधनाच्या ५० टक्के अतिरिक्त रक्कम देण्याचे जाहीर केले. पुढील मोसमापासून मानधनही वाढवले. ४० पेक्षा अधिक सामने खेळलेल्यांना दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्यांना ५० हजार आणि त्याहून कमी सामने खेळलेल्यांना ४० हजार रुपये. पैशांची काही अंशी भरपाई झाली. ज्यांचे वय ३५-३६ होते, ज्यांना भारत ‘अ’ संघाच्या दारावर आणखी एकदा थाप मारायची होती, त्यांच्या न झालेल्या धावांची आणि न मिळालेल्या बळींची भरपाई कोणत्याही परिपत्रकात बसणारी नव्हती. देवधरांना हे १९३२ सालीच कळले होते.

रणजी करंडक पुन्हा सुरू झाला तो १७ फेब्रुवारी २०२२ रोजी, तोही ओमिक्रॉनमुळे महिनाभर लांबून आणि दोन टप्प्यांत विभागून. जूनमध्ये बेंगळुरूला मध्य प्रदेशने मुंबईला हरवून प्रथमच करंडक जिंकला. देवधर करंडकाला आणखी वाट पाहावी लागली. ती स्पर्धा २०२३ च्या पावसाळ्यात पुदुच्चेरीत झाली आणि दक्षिण विभागाने ती जिंकली.

देवधरांनी १४ जानेवारी १९९२ रोजी वयाची शंभरी पूर्ण केली. मैदानावर शतकासाठी जसे ते शेवटपर्यंत टिकून राहत, तसेच आयुष्यातही राहिले. १९९२-९३ च्या मोसमात महाराष्ट्राचा संघ दोन दशकांनंतर रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा १९४१ चा विजयी कर्णधार पुण्यात हयात होता. लुधियानात पंजाबने महाराष्ट्राला हरवले. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी पुण्यात प्रा. देवधरांनी अखेरचा श्वास घेतला. १९९६ साली टपाल खात्याने काढलेल्या क्रिकेटपटूंच्या तिकिटांत सी. के. नायडू, विजय मर्चंट आणि विनू मंकड या कसोटीवीरांच्या पंक्तीत देवधरांचेही चित्र होते. त्या चौघांत कसोटी न खेळलेले ते एकटेच. देवधर गेले त्या वर्षीच्या हिवाळ्यात रणजी करंडकाचा साठावा हंगाम ठरल्याप्रमाणे सुरू झाला.